लोण्यासारखा ब्रश

मारबतीच्या दिवशी नागपूरच्या महाल भागात दुपारपर्यंत धंदा होत नाही. सगळी वस्ती रस्त्यावर, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मिरवणुकीतले पुतळे, पाहायला. ढोलताशात 'घेऊन जा गे मारबत' चाललेलं असताना दाढीला कोण बसतो? मी दोन्ही खुर्च्या पुसल्या, वाट्या विसळल्या आणि दारात उभा राहिलो. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बर्डीच्या बाजारातला एक ओळखीचा पोरगा आला. त्याचं गिफ्टचं दुकान आहे. त्याच्या वडिलांची दाढी मी वीस वर्षं केली, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो.

"काका, एक वस्तू पाहून द्या नं. आज तुम्ही रिकामे असाल म्हणूनच आलो."

पिशवीतून काळा डबा निघाला. आत मखमल, आणि मखमलीत दाढीचा ब्रश. झाकणावर सोनेरी अक्षरांत 'सिल्व्हरटिप बॅजर', खाली केसांच्या झुबक्याची जाडी, 24 मिमी. एका व्यापाऱ्यानं दिवाळीच्या गिफ्टसाठी त्याच्याकडे बारा नग जांगडवर, म्हणजे पसंत पडले तरच घ्यायचे या बोलीवर, टाकले होते. नग साडेपाच हजार, तोही दुकानदाराचा भाव. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

आमच्याकडे बॅजर ही एखादी कंपनी आहे असं समजणारी गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. तो प्राणी आहे. आपल्याकडचा चांदी अस्वल त्याचा लांबचा नातलग. ब्रशाचे केस मात्र मुख्यतः चीनमधून येतात. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा पायऱ्या लावतात आणि त्यात सिल्व्हरटिप सगळ्यात वरची. पण या पायऱ्यांना सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याचा 'सुपर' दुसऱ्याकडे 'बेस्ट' ठरतो. त्यामुळे डब्यावरचं नाव मी वाचतो आणि सोडून देतो.

निदान असं मी मानत होतो.

ब्रश हातात घेतला. मूठ हस्तिदंती रंगाची, रेझिनची. बुडाला वजन, त्यामुळे ओल्या हातातही निसटणार नाही. नखानं टिचकी मारली तर भरीव आवाज. बाजूनं अंगठा फिरवला. साच्यातून काढलेल्या मुठीला बहुधा उभी बारीक शिवण लागते, ती इथे नव्हती. काचेवर उभा ठेवून चुटकीनं फिरवला, केसांचा झुबका एकाच जागी फिरला, डगमगला नाही. म्हणजे झुबका मधोमध बसवलेला. मग कोरडाच गालावर टेकवला, आणि तोंडातून निघून गेलं, "लोण्यासारखा आहे रे! घेऊन टाक."

पोरगा खूश. त्यानं लगेच मोबाइल काढला. फोन लागण्याआधी मी म्हटलं, थांब, एकदा पाण्यात तर घालू. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

माझ्याकडे एक खरा बॅजर आहे. बावीस मिलिमीटरचा, एका निवृत्त फौजी गिऱ्हाइकानं दिलेला. तो फक्त माझ्या दाढीसाठी. गिऱ्हाइकांना मी नायलॉनचे वापरतो, कारण दर दाढीनंतर ते जंतुनाशकात घालावे लागतात. ते नायलॉन म्हणजे खराट्याची काडी. म्हणूनच कृत्रिम केस कसा लागतो हे आपल्याला पाठ आहे, अशी माझी घमेंड.

दोन मग गरम पाणी घेतलं, दोन्ही ब्रश बुडवले. माझ्या ब्रशाला वास आला, ओल्या जनावराचा, अगदी पुसट. नवीन असताना तो याहून जास्त येत होता, चार-सहा धुण्यांनंतर कमी झाला. नव्या ब्रशाला काहीच वास नाही. कोऱ्या सिल्व्हरटिपला वास नाही? मग दोघांना बेसिनवर एकेक झटका दिला. नव्यातून सडा पडला आणि आत फारसं पाणी उरलं नाही. माझ्याला झटक्यानंतर मुठीत दाबलं तर ओंजळभर पाणी निघालं. बॅजरचा केस स्वतः फार पाणी पीत नाही, पण केसाकेसांच्या मधे ते धरून ठेवतो.

चष्मा घातला आणि ट्यूबलाइटखाली दोन्ही झुबके उघडून पाहिले. बॅजरच्या केसाला टोक पांढरं, मधे काळा पट्टा, बुडाशी परत फिकट. माझ्या ब्रशात तो पट्टा केसागणिक वरखाली होता, एक जरा उंच, एक जरा खाली, कडा धुरकट. नव्यात सगळे पट्टे एका उंचीवर, फूटपट्टी लावून रंगवल्यासारखे. टोकं मात्र सुंदर निमुळती, कापलेली नव्हेत. हलक्या ब्रशात झुबका वरून कात्रीनं छाटून गोल करतात, म्हणून तो टोचतो. चांगला कारागीर केस टोकाकडून एका वाटीत उलटे भरून आकार देतो आणि छाटायचं ते बुडाशी, जे मुठीत दडतं. इथे बनवणाऱ्यानं यंत्राची हुशारी इतकी लावली होती की टोकांवरून काहीच हाती लागेना.

"काका, मुंगसाचे तर नसतील नं?" पोरगा आता घाबरला होता. मुंगसाच्या केसांचे ब्रश ठेवणं म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा, आणि रंगाच्या ब्रशांवरच्या धाडींच्या बातम्या त्यानं वाचल्या होत्या.

"मुंगूसही नाही अन् बॅजरही नाही," मी म्हणालो. "काडेपेटी दे."

झुबक्यातून एक केस ओढून काढला. निघता निघत नव्हता, म्हणजे चिकटवण्याचं काम पक्कं, तेही मनात नोंदवलं. आधी माझ्या ब्रशाचा एक केस जाळला. फर्रकन आकसला, जळक्या केसांचा वास आला, बोटात चुरली तर काळी राख. मग नव्याचा. तो आधी वाकला, वितळला, आणि टोकाला मोहरीएवढाही नाही असा कडक गोळा झाला. पोरग्यानं तो नखानं दाबून पाहिला. फुटला नाही.

हे सोंग जुनं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रशात भरत. त्यातले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि इंग्लंड-अमेरिकेत दाढी करताना लोकांना अँथ्रॅक्स झाला. इथे तसलं काही भय नव्हतं. इथे नुसतीच मांजर वाघाच्या भावात विकायला काढली होती.

पण मला राहवेना. वाटीत साबण घोळवला आणि आरशासमोर बसलो. डाव्या गालाला बॅजर, उजव्याला हा. उजवीकडे फेस अर्ध्या वेळात आला, साबणही कमी लागला. डावीकडचा फेस जास्त ऊबदार, जरा दाट, खुंटात शिरणारा. उजवीकडचा ब्रश दाबला की स्प्रिंगसारखा परत उसळायचा, गालावर पसरून बसत नव्हता. वस्तरा फिरवल्यावर मात्र दोन्ही गाल सारखेच गुळगुळीत. बाहेर मिरवणूक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आली होती आणि मी अर्ध्या तोंडाला फेस लावून पोरग्याला सांगत होतो, "ब्रश वाईट नाही रे. भादव्याच्या या दमटात माझा बॅजर वाळायला दिवस घेतो, हा तासाभरात कोरडा होईल. जनावर मारलेलं नाही. खोटं आहे ते फक्त डब्यावर."

"मग कितीचा म्हणता?"

मूठ चांगली, बांधणी चांगली. मी हजार-बाराशे म्हणालो, तेही हात सैल सोडून. त्याहून जास्त द्यायचे असतील तर त्यावर 'कृत्रिम केस' असं लिहून विक आणि कोण घेतो ते पाहा. तो काही बोलला नाही. जळालेल्या केसाचा तो गोळा त्यानं बिलाच्या कागदात पुडी करून खिशात टाकला आणि व्यापाऱ्याला फोन करून परवा दुकानात बोलावलं. मलाही ये म्हणाला.

परवा मी गेलो. कबूल करतो, आपण आधी 'घेऊन टाक' म्हणालो होतो हे पोरगा त्याला सांगतो की काय, याचीच मला जास्त काळजी होती. व्यापारी मोठा गोड माणूस. चहा मागवला, डबा उघडला, ब्रश काढला आणि थेट माझ्याच गालावर टेकवला.

"पाहा नं काका, तुम्ही तर जाणकार. लोणी आहे लोणी!"

पोरग्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं गल्ल्यातून काडेपेटी काढली आणि काउंटरवर ठेवली.