कॅज्युअल्टीत एक फिजिओ हवा होता

दोन महिन्यांपूर्वी पहाटे साडेतीनला आई झोपेत कुशीवर वळली आणि ओरडलीच, सगळं घर फिरतंय म्हणाली, पाठोपाठ उलट्या. अर्धांगाचा झटका तर नाही ना या भीतीने रिक्षात घालून जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं. शुगर, ईसीजी, सीटी, सगळं नॉर्मल. झटका नाही ना हे आधी बघितलं ते अगदी बरोबर केलं, पण त्यानंतर काय, तर एक इंजेक्शन, चकरेच्या गोळ्या आणि घरी जा. आईने माझी ओढणी मुठीत धरली ती रिक्षात बसेपर्यंत सोडली नाही. शेजारच्या बेडवरच्या आजोबांची कंबर धरली होती, त्यांनाही इंजेक्शन देऊन सोडलं, पण उठता येईना तेव्हा वॉर्डबॉयने काखेत हात घालून उचललं, ते कळवळले ते अजून कानात आहे.

चार दिवस आई बसूनच झोपली. पाचव्या दिवशी ओळखीतून एक फिजिओ मॅडम घरी आल्या. मान उजवीकडे वळवून आईला झटकन आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेवरून जरा खाली, आणि दोन-चार सेकंदांत आईची बुबुळं आपोआप गरगरायला लागली. 'काकू, डोळे मिटू नका, आत्ता थांबेल.' ही डिक्स-हॉलपाइक टेस्ट, 1952 पासूनची, मशीन वगैरे काही लागत नाही. आजार बीपीपीव्ही, म्हणजे आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. मग एपली मॅनुव्हर, डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते कण नळीतून बाहेर काढायचे. दहा मिनिटं लागली असतील. त्या रात्री आई आडवी झोपली!

हेच पहिल्या रात्री झालं असतं तर? ऑस्ट्रेलियात बऱ्याच इमर्जन्सीत फिजिओ असतात, मुरगळलेला पाय, धरलेली कंबर असे पेशंट तेच पहिले बघतात, म्हातारं माणूस घरी सोडण्याआधी ते नीट चालतंय का तेही बघतात. आपल्याकडे निदान मोठ्या हॉस्पिटलांनी तरी हे करावं असं मला फार मनापासून वाटतं.

जाताना मॅडमनी आईला पलंगावरून कसं उठायचं ते दाखवलं, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. आई तसं बसली आणि मला म्हणाली, 'त्या आजोबांना कुणी शिकवलं असेल का गं हे?'