‘प्रगती’तली गती

“बाबा, गती म्हणजे वेग ना? मग प्रगती म्हणजे खूप वेग का?” आज सकाळी आत्याला सोडायला पुणे स्टेशनवर गेलो असताना प्रगती एक्सप्रेसच्या डब्यावरची पाटी वाचून लेकीने विचारले आणि मी घाईत “हो” म्हणून मोकळा झालो.

ते “हो” दिवसभर सलत राहिले.

‘गम्’ म्हणजे जाणे. त्या धातूपासून ‘गती’ झाली, आणि कुठे जायचे ते तिच्याआधी जोडलेला शब्द ठरवतो. म्हणून सद्गती, दुर्गती, अधोगती ही सगळी एकाच घरातली भावंडे. ‘प्र’ म्हणजे पुढे. इंग्रजी ‘प्रोग्रेस’मधला लॅटिन ‘प्रो’ याच ‘प्र’चा दूरचा नातलग, आणि त्याच्या पुढचा भाग पाऊल टाकण्याच्या क्रियेतून आलेला आहे. दोन्हीकडे वेग कुठेच नाही.

मग पुढे जाणे म्हणजे वेगाने जाणे, हे माझ्या मनात इतके पक्के कधी बसले?

रात्री तिच्याजवळ चूक कबूल केली. तिने दप्तरातून प्रगतिपुस्तक काढले आणि मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारले, “इथे ‘ति’ ऱ्हस्व का आहे?” संस्कृतातले मूळ रूप समासात तसेच राहते, हे मात्र मी तिला सावकाश सांगितले.