हळदीचे ३४ जीबी

सपोर्टचे फोन आमच्यापर्यंत, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांपर्यंत, सहसा येत नाहीत. त्या दिवशी आला. सांगलीकडचे एक फोटो स्टुडिओवाले. ऐन लग्नसराई, आणि आमच्या बॅकअप सेवेचा ५०० जीबीचा प्लॅन घेतलेला.

"मॅडम, वापर ४६५.७ दाखवतंय आणि खाली लाल अक्षरात जागा संपली म्हणतंय. मधलं ३४ जीबी गेलं कुठं? कालच्या हळदीचा व्हिडिओ चढवायचाय, तो तेवढाच आहे." मग जरा थांबून, "पन्नास किलोच्या पोत्यात साडेतीन किलो कमी भरलं तर दुकानदाराला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

कारण मला लगेच कळलं होतं. हार्ड डिस्कच्या खोक्यावर जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून १ टीबीची नवी कोरी डिस्क जोडली की ९३१ जीबी दिसते. केबीला हा फरक अडीच टक्केही नसतो. जीबीपर्यंत तो सातच्या वर जातो, टीबीला दहाला टेकतो. पण हे त्यांना कुठल्या तोंडाने ऐकवणार? इथे खोकंही आमचं आणि काटाही आमचाच.

कोड उघडला. सर्व्हरवर मर्यादा लिहिलेली ५०० गुणिले हजाराचा घन, इतके बाइट. वेब स्क्रीनवर दाखवताना त्याच बाइटना १०२४ ने तीनदा भागलेलं. मोबाइल ॲपमध्ये आणखी तिसरंच: दोनदा १०२४ ने, एकदा १००० ने. तिथे तेच खातं ४७६.८ जीबी दाखवत होतं! तशी ही खिचडी जुनीच. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट. ना धड हजाराची, ना धड १०२४ ची.

सगळीकडे बाइटच ठेवायचे आणि जीबी करणारं फंक्शन एकच, यावर वाद नव्हता. वाद झाला भागायचं कशाने यावर. आमचे सिनिअर म्हणाले, १९९८ पासून १०२४ वाल्यासाठी गिबीबाइट हे वेगळं नाव आहे, तेच लिहू. सपोर्टची मुलगी म्हणाली, "सर, लोक स्पेलिंग चुकलंय म्हणून फोन करतील." माझं मत हजाराकडे होतं, पण स्टुडिओवाले आपला फोल्डर विंडोजमध्ये बघणार, तिथे वेगळा आकडा दिसला की पुन्हा फोन. शेवटी स्क्रीन १०२४ वरच ठेवली, ॲपही त्यावर आणलं आणि मर्यादाच वाढवली: ५,३६,८७,०९,१२,००० बाइट. तेवढ्याच पैशांत सात टक्के जास्त जागा द्यायची म्हटल्यावर मॅनेजरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी मंजुरी दिली.

संध्याकाळी हळद चढली.

पंधरवड्याने त्यांचाच फोन. आता काय, म्हणून धडधडलंच. त्यांच्या एडिटिंगवाल्या पोराने सगळं मॅकवर उतरवून घेतलं होतं, आणि मॅक २००९ पासून हजारानेच मोजतो.

"मॅडम, ह्यात ५३६ च्या वर दिसतंय. वरच्याचं बिल नाही ना येणार?"

"नाही येणार, दादा."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच."