ताईला आठवण आली

रविवार, ५ जून २०२२
कोपनहेगन

ताईचा फोन ठेवून दोन तास झाले. चहाचं भांडं तसंच सिंकमध्ये पडलंय.

"झाले गं आठही भाग," ती म्हणाली. "काल रात्री दोनपर्यंत जागले. बाई गं, काय झालंय तुझ्या त्या बिर्गिटचं! पार डोक्यात गेली माझ्या. आणि बघताना सारखी तुझी आठवण येत होती."

मग तिकडे कुकरची शिट्टी झाली. "ठेवते, भात व्हायचाय," म्हणून तिने फोन ठेवला.

ही दोन वाक्यं एकाला एक चिकटून आली नसती तर मला काही वाटलं नसतं. मध्ये हवापाण्याचं बोलणं झालं असतं, शेजारच्या काकूंचा गुडघा आला असता, तर आठवण ही नुसती आठवण राहिली असती. आता ती 'डोक्यात गेली'च्या पाठीला पाठ लावून बसलीय आणि मी दोन तास ती सोडवत बसलेय. ताई बोलताना विचार करत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर जास्त लागतं.

'बॉर्गन' ही इथली टीव्हीवरची राजकीय मालिका आणि बिर्गिट तिची नायिका, मालिकेतली डेन्मार्कची पहिली बाई पंतप्रधान. मालिकेला आमच्या घरात 'वाडा' म्हणतात. नाव ताईनेच पाडलं. इथे संसदेच्या ख्रिश्चियान्सबोर्ग राजवाड्याला सगळे नुसतं 'बॉर्गन' म्हणतात, म्हणजे गड, हे मी तिला सांगितलं होतं. तिने पुण्याच्या हिशेबाने त्याचा वाडा केला. लॉकडाऊनमध्ये पहिले तीन सीझन संपवून ती रोज विचारायची, "वाड्यावर पुढे काय झालं गं?" पुढे काहीच नव्हतं. तिसरा सीझन २०१३ मध्ये संपला होता आणि बिर्गिट न्यूबॉर्ग नवा पक्ष काढून, कर्करोगातून उठून, हसऱ्या चेहऱ्याने आमच्या आयुष्यातून निघून गेली होती. नऊ वर्षं ती तशीच राहिली. फ्रेममधल्या फोटोसारखी.

मी तिला २०१० पासून ओळखते. सप्टेंबरातल्या एका रविवारी रात्री पहिला भाग लागला तेव्हा मला इथे येऊन वर्ष झालं होतं आणि डॅनिश म्हणजे घशात अडकलेला घास वाटत होता. खाली डॅनिश सबटायटल्स लावून, वही घेऊन बसायचे. कांद्याला काय म्हणतात हे कळायच्या आधी मला बहुमत, पाठिंबा आणि अविश्वास हे शब्द येत होते. संसदेच्या एकशे एकोणऐंशी जागा, त्यातल्या दोन ग्रीनलंडच्या आणि दोन फॅरो बेटांच्या, बहुमताला नव्वद हव्यात. दुकानात सुट्टे मोजताना चुकायचे, ही बेरीज मात्र तोंडपाठ. वर्षभराने हेले थॉर्निंग-श्मिट खरोखरच पहिली बाई पंतप्रधान झाली, तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, टीव्हीने आधीच सांगितलं होतं. मला तर वाटलं होतं, मीच निवडून आले.

यंदा फेब्रुवारीत ती परत आली, या वेळी परराष्ट्रमंत्री म्हणून. १३ तारखेपासून आठ रविवार, रात्री आठ वाजता. आणि दर सोमवारी ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर तिचा पंचनामा.

कुणी म्हणे, तिचा तो जुना माध्यम सल्लागार कॅस्पर नाही तर मजा नाही. कुणाला टीव्हीच्या बातम्यांची प्रमुख झालेल्या कात्रीनचं वाईट वाटलं, कुणी म्हणालं अशी बॉस आपल्याला होती बरं का. (इथे दोघींनी माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही.) आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर बिर्गिट बदलली. पूर्वी किती आपली वाटायची. आता नुसती खुर्ची. पहिल्या भागात ग्रीनलंडच्या तेलाला विरोध करते, पर्यावरण, हवामान, सगळं बोलते, आणि मंत्रिपद जाणार असं दिसताच त्याच तेलाच्या बाजूने उभी राहते. पोटचा मुलगा तोंडावर सुनावतो. बैठकीत घाम फुटतो, झोप लागत नाही, अंगाची लाही होते. वाटतं, या वयात बाईला दुसरं काही होतच नाही. पुढच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "तिला आता कोणी आवरायला हवं." तो स्वतः अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याला कोणी आवरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडे एक आहे, तिचं लहानपण ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये गेलं. ती सहसा बोलत नाही. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी एवढंच म्हणाली, "रविवारी आठ वाजता आमची भाषा ऐकली, बरं वाटलं. पण शेवटी आमचं तेलसुद्धा तिच्याच खुर्चीची गोष्ट झालं." टेबल गप्प झालं. खऱ्या ग्रीनलंडने तर आदल्याच वर्षी, जुलैत, नव्या तेलशोधाचे परवाने देणंच बंद केलं होतं. मालिकेत मात्र तेल सापडलं आणि कोपनहेगनमध्ये सगळ्यांचे हात पुढे झाले.

या नव्या सीझनचं डॅनिश नाव 'राज्य, सामर्थ्य आणि गौरव'. नगरच्या मिशनच्या शाळेत रोज सकाळी म्हटलेली प्रार्थना, तिची शेवटची ओळ. जगभर दाखवताना इंग्रजी नावात सामर्थ्य राहिलं, गौरव राहिला आणि राज्य तेवढं गळालं. सगळं भांडण तर त्या राज्याचं आहे! राज्य कुणाचं, त्यात ग्रीनलंड कुठे बसतं, खालचं तेल कुणाचं. हे मला ताईला सांगायचं होतं. मी चार मुद्दे काढून ठेवले होते. भात मध्ये आला.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि टेबलावरचा सूर बदलला. मालिकेत त्या तेलकंपनीमागे निर्बंधांच्या यादीतला एक रशियन निघतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते नेहमीचं रहस्यकथेतलं पात्र वाटलं असतं. २७ तारखेला तिसरा भाग पाहिला तेव्हा आधी बातम्या, मग मालिका, आणि कुठे काय संपलं ते कळेना. ६ मार्चच्या रविवारी तर पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन आणि बाकीचे नेते रांगेत उभे राहून सांगत होते की युरोपीय संरक्षण सहकार्यापासून डेन्मार्कने जवळपास तीस वर्षं घेतलेली सूट आता सोडायची, १ जूनला सार्वमत. तीस वर्षांची भूमिका, दीड आठवड्यात. बुधवारी मतदान झालं, जवळजवळ सदुसष्ट टक्के लोकांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी नेटफ्लिक्सवर वाडा आला. देश बदलला तर त्याला जबाबदारीची जाणीव म्हणायचं. बिर्गिट बदलली की ती डोक्यात जाते.

हे मी तावातावाने लिहिलं. पण ते बिर्गिटसाठी लिहिलं का, हे आता मलाच विचारायला हवं.

ताईला कुठल्या जागी माझी आठवण आली असेल? बाराएक शक्यता काढल्या. ती मुलाशी बोलताना हातातला फोन खाली ठेवत नाही, तिथे? घरी येते आणि घरात कोणी नसतं, तिथे? बिर्गिटचं काम करणारी सिसे बाबेट क्नुडसेन त्रेपन्न वर्षांची, मी बावन्न; रात्री खिडकी उघडून उभी राहते, तिथे? की थेट तेलापाशी?

कारण ताईच्या हिशेबात माझंही एक तेल आहे. दहा वर्षं मी सांगत होते की पासपोर्ट सोडणार नाही. हे मी दिवाळीत सांगितलं, आईसमोर सांगितलं, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मोदक वाढता वाढता सांगितलं. राहायचं इथे, पण त्या निळ्या वहीला हात लावू देणार नाही. आणि मग २०१९ च्या शरद ऋतूत मी टाऊन हॉलमध्ये उभी होते. त्याच वर्षापासून नियम आला होता की नव्या नागरिकाने हस्तांदोलन करायचं, तळव्याला तळवा, हातमोजा नको. मी केलं. मग वकिलातीत पासपोर्ट जमा केला, त्यांनी रद्दचा शिक्का मारून परत दिला, सरेंडर सर्टिफिकेट दिलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ते ओसीआय कार्ड आलं. ताईला मी हे सहा महिन्यांनी सांगितलं, तेही करोनाच्या गडबडीत, विमानं बंद आहेत, कागदपत्रांचं सोपं पडतं वगैरे. ती म्हणाली, "बरं झालं." एवढंच. ते 'बरं झालं' अजून कुठेतरी ठेवलंय मी.

कारणं होती. नोकरीचं होतं, लेकाचं होतं, आणखी एक होतं, ते आज नको. पण बिर्गिटकडेही कारणं असतात. प्रत्येक भागात ती कारणं सांगते आणि सांगताना तिचा चेहरा अगदी खरा असतो. मी सोफ्यावर बसून मान डोलावते. ऑफिसात तिची बाजू घेऊन भांडणारी मी एकटीच होते. आता कळतंय की मी वकीलपत्र कुणाचं घेतलं होतं.

आज इथला संविधान दिन. १८४९ ची गोष्ट. बागांमधून पुढाऱ्यांची भाषणं चालू आहेत, दुकानं बंद. इथे याच दिवशी पितृदिनही असतो, म्हणून लेक तिकडे गेलाय. घरात मी आणि ते चहाचं भांडं.

दुपारी सरळ पहिला सीझन लावला. म्हटलं, बघू तरी ती देवी होती कशी. शेवटून दुसरा भाग. तिच्या नवऱ्याला, फिलिपला हवी तशी मोठी नोकरी मिळालेली असते आणि कंपनीचा लढाऊ विमानांच्या खरेदीशी संबंध निघतो. बिर्गिट त्याला ती सोडायला लावते. घरात, मुलं झोपल्यावर. हाच तो आवाज, हेच 'मला दुसरा मार्ग नाही'. अहो, ही तर पहिल्यापासून अशीच होती! तेव्हा ती हसायची, सायकलने जायची, तिचा स्कर्ट घट्ट व्हायचा, म्हणून आम्हाला ती आमची वाटली. मीसुद्धा २०१० मध्ये तिचीच बाजू घेतली होती, वहीत 'राजीनामा' शब्द लिहून घेत. मग मला जरा हसू आलं. बारा वर्षांत बदललेली बाई शोधत बसलो आणि निघाली तीच. माझंही तसंच असेल तर ताईला विचारायला काय हरकत आहे? पासपोर्ट सोडणार नाही असं सांगत होते तेव्हासुद्धा मी ताईला न विचारताच सांगत होते.

एक मात्र बुधवारच्या मतदानाचं लिहून ठेवते. नागरिक म्हणून देशपातळीवरचं माझं हे पहिलंच मत. मतपत्रिकेवर दोनच चौकटी, होकार आणि नकार. डॅनिशमध्ये 'या' आणि 'नाय'. पडद्याआड उभी राहून मला फिस्सकन हसू फुटलं. मराठी कानाला एक शब्द म्हणतो आत या, दुसरा म्हणतो नाय. मी 'या'वर फुली मारली.

चारला व्हॉट्सॲपवर ताईला लिहिलं, "माझी आठवण कशाने आली?" दोनदा पुसलं, मग पाठवलं. तिचं देवळात जाणं उरकून तासाभराने आवाजी निरोप आला.

"अगं, ती माणसं हो म्हणताना श्वास आत ओढतात ना, दचकल्यासारखा? तू पण तसंच करतेस फोनवर. कितीतरी वर्षं. आई म्हणायची, हिला तिकडच्या थंडीने दमा लागलाय, लपवतेय आपल्यापासून. मी रोज तिला समजवायचे. काल ती सगळी तसंच करायला लागली तेव्हा उलगडा झाला बघ. म्हटलं, हात् तिच्या, ही तर तिथली रीतच आहे."

निरोप तीन वेळा ऐकला. आईने मला कधी विचारलं नाही.

मग लेकाला फोन लावला. मागे त्याच्या बाबाचा आवाज होता, ताटांचा आवाज होता.

"काय रे, मी हो म्हणताना श्वास आत घेते का?"

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. फोन कटला वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"अगं आई," तो म्हणाला, "म्हटलं की मी, हो."