आरएक्स१०० आणि फायबर टीटीएल, नोंद तिसरी: बादलीतली शिडी

पाण्याखालच्या फोटोंसाठी सध्याची जोडणी: सोनी आरएक्स१०० कॅमेरा, हाउसिंग (त्याची पाणबंद पेटी), गाइड नंबर (ताकदीचा आकडा) २० चा एक ऑप्टिकल टीटीएल स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजमापावर आपोआप उजेड ठरवणारा बाहेरचा फ्लॅश, चार एए रिचार्जेबल सेल, आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड स्ट्रोबपर्यंत नेणारा बहुकोर प्लास्टिक फायबर.

मागच्या नोंदीतला घोळ सुटला. स्ट्रोब डोळ्यांना उडताना दिसायचा आणि फोटो मात्र काळा. स्ट्रोब मॅन्युअलवर होता. कॅमेऱ्याचा फ्लॅश एका फोटोला दोनदा उडतो, आधी मोजमापाचा प्री-फ्लॅश आणि मग खरा. आपला स्ट्रोब सगळी दारू पहिल्यालाच उडवून बसायचा.

टीटीएलवरही स्ट्रोब स्वतः काही मोजत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश पेटला की पेटायचं, विझला की विझायचं, एवढीच नक्कल. मोजतो कॅमेरा, स्ट्रोबच्या प्री-फ्लॅशचा परत आलेला उजेड. म्हणून हाउसिंगवर फ्लॅशसमोर काळी टेप लावून फायबरपुरतंच भोक ठेवलं. कॅमेऱ्याचा स्वतःचा उजेड बाहेर गेला तर मोजमाप भेसळीचं होतं, शिवाय पाण्यातला कचरा चमकतो तो वेगळाच. फायबरची टोकं नव्या ब्लेडने काटकोनात कापली. कात्रीने दाबली जातात आणि उजेड गळतो.

आता चाचणी. खोल बादलीच्या तळाशी राखाडी पाटी, स्ट्रोब आणि लेन्स दोन्ही पाटीपासून ४० सेंमीवर. आयएसओ १२५, शटर १/२५०. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो. तो पूर्ण काळा आला नाही तर खोलीतला उजेड निकाल बिघडवतोय. मग फक्त ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) पायरीपायरीने बदलायचं, हीच शिडी: एफ/११, ८, ५.६, ४, २.८. टीटीएल नीट चालत असेल तर पाचही फोटोंत पाटी सारखीच राखाडी.

एफ/११ ते ५.६ सारखे आले. एफ/४ ला पाटी किंचित उजळ, एफ/२.८ ला सरळ जळालेली, म्हणजे पांढरीफट्ट. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त मागायची कॅमेऱ्याची सेटिंग) −१ केलं तरी २.८ ला ढिम्म फरक नाही, आणि हीच खूण पक्की: चूक मोजमापाची नाही, स्ट्रोबला याहून लवकर विझताच येत नाही. हवेतल्या हिशोबाने या अंतरावर एफ/२.८ ला पूर्ण ताकदीच्या साधारण चारशेवा भागच लागतो. पाण्यात थोडा जास्त, पण फार नाही. सगळे फोटो सारख्याच प्रमाणात उजळ असते, तर स्ट्रोबच्या डायलवर एकदाच भरपाई करून भागलं असतं. इथे उपाय ॲपर्चर बंद करणं किंवा डिफ्यूझर (स्ट्रोबवरची उजेड पसरवून कमी करणारी झाकणी). मॅक्रोला एफ/८–११ च वापरतो, तेव्हा अडत नाही.

दुसरा स्ट्रोब जोडला तर उजेड दुप्पट होईल ही भीती नको. प्री-फ्लॅशही दोघांचा मिळूनच मोजला जातो. फक्त दोन्ही फायबर कॅमेऱ्यापासूनच न्यायचे.

समुद्रात दोन उलट चुका अपेक्षित आहेत. मालवणच्या गढूळ पाण्यात लेन्ससमोरचे कण प्री-फ्लॅश परतवतात, कॅमेऱ्याला वाटतं उजेड झाला, मासा काळवंडतो: स्ट्रोब बाजूला लांब, कॉम्पेन्सेशन +२/३. स्वच्छ निळ्या पाण्यात छोटा विषय असेल तर पाठीमागून काहीच परत येत नाही आणि विषय जळतो. तिथे सरळ मॅन्युअल, पण स्ट्रोब प्री-फ्लॅश सोडून खऱ्या फ्लॅशलाच उडेल अशा सेटिंगवर.

पुढची शिडी डिफ्यूझर लावून, २० सेंमीवर.