पट, पाहुणे आणि आमचे धुरकरी

शुक्रवार, रात्री

छपरीत गादीला गादी लागली आहे. मधल्या खोलीत बायका, धानाच्या पोत्यांच्या आडोशाला पोरं. नागपूरच्या धाकट्या दिरांना देवघराशेजारची उबदार खोली दिली, कारण त्यांना खोकला आहे आणि त्यांची बायको तो खोकला वर्षभर जपून ठेवते, सासरी आल्यावर वापरायला. (हे मी इथंच लिहिते आहे, तोंडावर नाही.)

उद्यापासून गावात दोन दिवस पट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. चूलबंद नदीच्या काठच्या आमच्या गावांत दिवाळीनंतरच्या मंडईलाही (गावजत्रेला) पाहुणे येतात, पण तेव्हा अर्धं धान बांधीत उभं असतं नाहीतर कापून पडलेलं. माणूस जेवायला बसतं आणि डोळे आभाळाकडे. पौषात तसं नाही. चुरणे (मळणी) आटोपलेले, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग लागलेले, रिकाम्या बांध्यांत कुठं लाखोरी, कुठं नुसते धसकट. मग लेकी येतात, जावई येतात, ईवाई (व्याही) येतात, आणि ज्याचं नातं सांगायला सासूबाईंना बोटं मोजावी लागतात असा एखादा म्हातारा दर वर्षी येतो आणि हक्कानं दोनदा चहा मागतो.

हे गोठ्यात झोपलेत. पटाच्या आदल्या रात्री धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बैलांपासून हलत नाही, अशी रीत. रात्री कोणी काही चारेल, कोणाची नजर लागेल, बैल दोरीत अडकून पाय मुरगाळेल. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून बादल आणि मुन्नाची दृष्ट काढली. यांची कोणी काढली नाही. मी घोंगडी नेऊन दिली तर म्हणाले, "मुन्नाच्या अंगावर टाक." टाकली. दुसरी आणून यांच्या अंगावर टाकली.

माझं माहेर वर्धेकडचं, कापसाचं, तुरीचं. तिकडं बैल म्हणजे पोळ्याला सजवायचा आणि नंतर डवऱ्याला जुंपायचा, एवढंच मला ठाऊक. आमचं लग्न २०१६ चं. तेव्हा पट बंद होते; ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही थांबवल्या होत्या. माझे बाबा घर बघायला आले तर त्यांना धानाची एकरं सांगितली, विहीर दाखवली, पोरगा दारूला शिवत नाही हे दोघातिघांनी शपथेवर सांगितलं. पोरगा धुरकरी आहे हे कोणीच बोललं नाही. बंद पडलेल्या धंद्याची चौकशी कोण करतं? पुढं २०१७ ला राज्यानं कायदा केला, मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना स्थगिती दिली, हे सगळं हे पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला वाटायचं, माणसाला कोर्टकचेरीची आवड आहे.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. हे तेव्हा कापलेल्या धानाच्या पुंजण्यावर होते. कोणीतरी बांधावरून ओरडून सांगितलं, तसे सरळ खाली उतरले आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पाया पडले. महिन्याभरात दारात गोऱ्हा. पुढच्या साली लम्पीची साथ आली, राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबल्या, तेव्हा या माणसाचं जेवण कमी झालेलं मी पाहिलं आहे. मग १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला आणि मामाजींनी गावात पेढे वाटले. नवऱ्याचा हा भाग मला लग्नानंतर पाच वर्षांनी मिळाला, आणि तो ढेप (पेंड), उडदाचं पीठ, अंडी आणि दूध खातो. अंडी रोज. पोरांना आठवड्यातून दोनदा.

शनिवार, उशिरा रात्री

पहाटे चूल पेटवली तेव्हा परसात पाण्याच्या बादलीला हात लावता येत नव्हता. हे गरम पाण्यानं बैल पुसत होते, पुसून झाल्यावर तेलानं चोळत होते. मी पाटवडीचं बेसन घाटत होते. दोघांचेही हात एकाच वेळी चालू, आणि बोलणं एवढंच: "दाखला कुठं ठेवला?" "टीव्हीच्या मागं." जनावरांच्या डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, बैलांचे फोटो, आधारकार्डाची झेरॉक्स. कलेक्टरची परवानगी पट भरवणारे काढतात, पण जोडीचे कागद ज्याचे त्यानं. आमच्या घरी ही फाइल माझ्याकडे असते.

स्वयंपाकाचं काय सांगू. पाटवडीचा रस्सा, वांगी, पोपटीच्या शेंगांची भाजी, नव्या तांदळाचा भात, आणि जावयांसाठी सुवाऱ्या (पुऱ्या) आणि वडे. भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून. मोठ्या नणंदबाई तळणाला बसल्या की मी निश्चिंत असते. धाकट्या बसल्या की तेल.

नाश्त्याच्या वेळी नागपूरची जाऊ म्हणाली, "ताई, या दोन बैलांवर वर्षाला जेवढा खर्च होतो ना, त्यात एक मोटरसायकल आली असती."

मी म्हटलं, "मोटरसायकल दारात उभी केली तर बघायला कोण येतं? बादलला बघायला लाखनीहून लोक येतात."

सगळे हसले. मामाजींना तर ते इतकं आवडलं की दुपारपर्यंत त्यांनी ते तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा स्वतःच्या नावावर. पण खरं काय, तर परवाच रात्री मी यांना अगदी हेच विचारलं होतं, मोटरसायकलच्या जागी लेकीची शिकवणी घालून. विकलेल्या धानाचे चुकारे अजून खात्यात आलेले नाहीत, ढेपेवाल्याची उधारी आहे, शिकवणीचे पैसे थकलेत. तेव्हा हे गप्प बसले होते. आज सगळ्यांसमोर मी बोलले तेव्हाही गप्पच बसले, पण सुवारी अर्धी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला एक बरं कळलं आहे: यांच्याशी भांडायचा हक्क माझा आहे, आणि तो मी जावेला उसनाही देणार नाही.

पटावर जायचं माझं ठरलं नव्हतं. घरात बाई राहिली नाही तर पाहुण्यांना वाढणार कोण? सासूबाईच म्हणाल्या, "जाय व तू. भाजी मी पाहातो. तुह्या नवऱ्याची जोडी हाय, का शेजाऱ्याची?" मी लुगड्यावर स्वेटर चढवला, बादली आणि झुली घेतल्या आणि निघाले.

बांधीत दोन पट्ट्या आखलेल्या, बाजूनं बांबू-बल्ल्या. नियमानं धाव हजार मीटरच्या आत हवी. आमची त्याहून कितीतरी आखूड. बाहेर फुटाणे, मुरमुरे, जिलबी, बांगड्या, प्लॅस्टिकच्या बंदुका. माइकवरचा माणूस सकाळी घसा साफ करून बसतो आणि संध्याकाळी त्याचा घसाच राहत नाही. मी मात्र दुसऱ्या टोकाला, जिथं जोड्या थांबवतात तिथं उभी होते. बायका सहसा तिकडं जात नाहीत. पण तिथंच माझं काम. बैल आले की लगेच पाणी पाजायचं नाही, आधी हळूहळू फिरवायचे, झूल टाकायची, श्वास खाली बसला की मग पाणी. हे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

काकाजी, म्हणजे माझे चुलतसासरे, माझ्याशेजारी काठी टेकून उभे होते. जुने धुरकरी. त्यांच्या काळात तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, टोकदार आर असायची, बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त दिसायचं. आता बैलाला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड. काकाजींना वाटतं, यानं पट मऊ झाला. मला वाटतं, उशिरा झाला. रक्त काढून जिंकलेल्या जोडीसाठी मी पहाटे उठले नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तुमी शिकल्या बाया." पण रागावले नाहीत. उलट मग स्वतःच सांगत बसले की जोडी कशानं जिंकते: दोन्ही बैलांची टाप एक पडली पाहिजे. एक जास्त पळणारा असला तर तो दुसऱ्याला ओढतो आणि छकडा तिरपा जातो. सुटायच्या आधी जो बैल उगाच उड्या मारतो, त्याची निम्मी धाव तिथंच जिरते. आणि धुरकऱ्यानं कासरा ढिला सोडायला शिकायला हवं, त्यालाच निम्मं आयुष्य जातं.

झेंडी पडली. मला तिथून आधी फक्त धूळ दिसली, मग शिंगं, मग यांचं डोकं, छकड्यावर पार वाकलेलं, आणि तोंडानं चाललेला एक आवाज. घरात हा माणूस मीठ मागायलासुद्धा आवाज करत नाही. तो आवाज यांचाच आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. दहा-बारा सेकंदांत सगळं आटोपलं. दुसरी जोडी बरीच मागं. मी आनंदानं ओरडायचं सोडून बादली घेऊन पळाले, कारण मुन्ना थांबायला तयार नव्हता.

पहिली फेरी जिंकली. रात्री नाटक, वडसेच्या कंपनीचं. तणसावर चादरी टाकून बसलो, अंगावर घोंगड्या, वर उघडं आभाळ. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हापासून नागपूरच्या जावेलाही झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या धानाच्या भागातलं, नाटक बघण्यासारखं वाटायला लागलं आहे. पहिल्या अंकाला ती पुढं बसली, दुसऱ्याला माझ्या घोंगडीत शिरली, तिसऱ्याला रडत होती. मी मध्येच उठून आले. भाकरीचं पीठ मळून ठेवायचं आहे आणि उद्या दुसरी फेरी.

रविवार

हरलो.

सुटताना बादल शेजारच्या जोडीकडे झुकला, आणि जो झुकला तो झुकलाच. यांनी सावरलं, पण तोपर्यंत समोरची जोडी निघून गेली होती. गोंदिया जिल्ह्यातली जोडी होती, सुरेख, दोन्ही पांढरे. मला वाईट वाटलंच, पण त्या जोडीची टाप ऐकून काकाजींनी मान डोलावली तेव्हा मीही डोलावली.

हरल्यानंतर धुरकऱ्याजवळ जाऊ नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन पट बघून समजलं. लोक येतात आणि सांगतात: कासरा डावा ओढायला हवा होता, बैलाला आज ढेप जास्त झाली, जागा बदलून जुंपायचे होते. नणंदेच्या नवऱ्यानं तर आपल्या मोबाइलमधला व्हिडिओ हळू करून दाखवला. हे ऐकत होते, हो हो म्हणत होते आणि बादलच्या खुरातली माती काढत होते. मी काहीच बोलले नाही. झूल टाकली, यांच्या हातात गुळाचा खडा दिला. अर्धा यांनी बादलला दिला. हरलेल्याला. मला वाटलं होतं मुन्नाला देतील.

घरी वेगळाच पट रंगला होता. आमच्या चुलत नणंदेची पोरगी नर्सिंग करते. तिला बघायला पवनीकडचे पाहुणे आले होते, "सहज, पटाच्या निमित्तानं." आमच्याकडे सोयरिकी अशाच जुळतात, मुलगी दाखवायचा कार्यक्रम म्हणत नाहीत, जेवायला या म्हणतात. पोरीनं पाणी दिलं, वाढलं, आणि मग मला आत ओढून विचारलं, "मामी, त्याच्या घरी पटाची जोडी आहे का, तेवढं विचारून सांग." मी म्हटलं, विचारते, पण आत्ता बंद असली तरी पुढं निघू शकते, माझ्यावरून शहाणी हो. ती हसत सुटली आणि बाहेर पाहुण्यांना वाटलं की पोरगी राजी आहे.

आमची लेक मात्र वेगळ्याच नादात. अमरावतीकडच्या तळेगाव दशासरला पटात बायका जोड्या हाकतात, त्याचा व्हिडिओ तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून पाटाला दोरी बांधून अंगणात धाकट्या भावाला पळवते आहे. मामाजींनी तिला कासरा कसा धरायचा ते दाखवलं. आजोबांनी माझ्या मुलाला आधी शिकवावं असं म्हणणारं घरात कोणीतरी निघेल, या तयारीनं मी जवळच उभी होते. कोणी निघालं नाही.

सोमवार, दुपार

पाहुणे गेले. प्रत्येकाच्या पिशवीत नवे तांदूळ, पोपटीच्या शेंगा, उरलेल्या पाटवड्या. नागपूरची जाऊ गाडीत बसताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मला पण तुमच्याबरोबर त्या टोकाला न्या, बादली मी धरते." मी हो म्हटलं. खोकला जाताना गेला होता.

छपरी झाडली, गाद्या उन्हात टाकल्या, ढेपेवाल्याचा हिशेब काढला. पहिल्या फेरीचं बक्षीस त्यात पुरं पडत नाही. रात्री मी शिकवणीचा विषय काढणार आहे, आणि या वेळी यांना गप्प बसू देणार नाही. अंडी दोघा बैलांची मिळून एक दिवसाआड करायची, हा माझा पहिला प्रस्ताव. हे आत्ताच येऊन सांगून गेले की सिंदेवाहीकडे पुढच्या आठवड्यात एक पट आहे, पिकअपवाला ओळखीचा आहे, आणि दाखल्याची फाइल मी कुठं ठेवली.

टीव्हीच्या मागं, म्हटलं. आणि भाडं किती घेणार तेवढं विचारून या.