प्रपोजल शेवटच्या पानापासून लिहा

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न साधारण असा असतो: "आमचं गावपातळीवरचं काम चांगलं आहे, तरी परदेशी फंडरकडे पाठवलेलं आरोग्याचं प्रपोजल परत येतं. इंग्रजी कमी पडतं का?" इंग्रजी क्वचितच आड येतं. आड येतात ते न जुळणारे आकडे.

पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी लिहावी, तीही अर्ध्या पानात. देशातल्या बालमृत्यूंची दोन पानं तपासणाऱ्याला पाठ असतात. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडेही जिल्ह्याच्या खाली उतरत नाहीत, त्यामुळे तालुक्याबद्दल बोलायचं तर स्वतःची मोजणी लागते. सुरुवात करायची ती एका ओळीपासून: प्रकल्प संपताना नेमकं काय बदललेलं दाखवणार?

इथेच बहुतेक प्रपोजलं पडतात. समजा तालुक्याची लोकसंख्या ५० हजार, जन्मदर हजारी १६. म्हणजे वर्षाला ८०० जन्म. नवजात मृत्युदर (पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू) हजारी २५ धरला तर वर्षाला २० मृत्यू. तुम्ही लिहिता, "दोन वर्षांत नवजात मृत्यू २० टक्क्यांनी कमी करू." म्हणजे चार मृत्यू कमी. पण कोणी काहीच केलं नाही तरी हा आकडा एखाद्या वर्षी १६ तर एखाद्या वर्षी २४ येऊ शकतो. तपासणारा हे गणित समासात दोन मिनिटांत करतो आणि पुढचं वाचायचं थांबतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरोघरच्या नवजात सेवेचा परिणाम मृत्युदरातच दाखवला. पण त्यासाठी सेवेची ३९ गावं, तुलनेची ४७ गावं, १९९३ ते ९५ अशी आधीची मोजणी आणि नंतर तीन वर्षं सेवा, एवढं सगळं मागे होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली घट तिसऱ्या वर्षी ६२ टक्के होती. तेवढी जमवाजमव नसेल तर मृत्युदराचं वचन देऊच नये.

त्याऐवजी हलणारी गोष्ट मोजा. सरकारी कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचं असतं. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. "तिसऱ्या आणि सातव्या दिवशीच्या दोन्ही भेटी झालेली बाळं ४५ वरून ६५ टक्क्यांवर नेऊ" हे वचन तपासता येतं. त्यासाठी नमुना ठरवण्याच्या नेहमीच्या सूत्राने आधी आणि नंतर प्रत्येकी साधारण ९५ माता लागतात. एकाच गावातल्या माता एकमेकींसारख्या असतात म्हणून दुप्पट, न भेटणाऱ्या धरून प्रत्येक फेरीत २१०, दोन्ही फेऱ्या मिळून ४२०. हाच ४२० पुढे छापील फॉर्मांत, सर्वेक्षकांच्या दिवसांत आणि बजेटमध्ये दिसला पाहिजे. पान चारवर ४२० आणि बजेटमध्ये ५०० फॉर्म असले की संशय आलाच.

आणि छेद ठरवा, म्हणजे टक्केवारी कोणत्या मातांवर काढायची ते. पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या आशाच्या यादीत ती असते, भेट मात्र होत नाही. "प्रसूतीनंतर ४२ दिवस तालुक्यातच राहिलेल्या माता" असं आधीच लिहून ठेवलं नाही तर टक्केवारी वर्षभर हेलकावे खाते.

बजेटमध्ये "प्रवास ३ लाख" ही ओळ म्हणजे कात्रीला आमंत्रण. लिहा: २ मोटारसायकली, प्रत्येकी दरमहा १,२०० किमी, किमीला ४ रुपये, २४ महिने, एकूण २,३०,४००. यातलं काय कापलं की काय बुडेल, ते समोरच्याला दिसतं.

परदेशी पैशाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. २०२० पासून तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "आम्ही घेऊ आणि तीन भागीदार संस्थांना वाटू" अशी रचना कागदावर कितीही देखणी असली तरी चालत नाही; प्रत्येकीचा करार थेट फंडरशी हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. फंडरचं 'ओव्हरहेड' आणि कायद्यातला प्रशासकीय खर्च एक नव्हेत: प्रकल्पाचा हिशेबनीस फंडरच्या लेखी थेट खर्चात बसेल, कायद्याच्या लेखी प्रशासकीय खर्चात.

वेळापत्रकात पहिल्याच महिन्यात सर्वेक्षण दाखवू नका. संशोधन असेल तर एथिक्स कमिटी, आणि परदेशी सहकार्य असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. शिवाय लावणीच्या दिवसांत घरी माणूस भेटत नाही आणि नाले भरले की गावं तुटतात.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं "उपक्रमास शुभेच्छा" असं पत्र जोडून काही साधत नाही. पत्रात हवं ते इतकंच: आशांच्या गृहभेटींच्या नोंदी पाहू देऊ, मासिक बैठकीत दोन तास देऊ. आशांना प्रकल्पातून जादा मानधन देणार असाल तर प्रकल्प संपल्यावर, पंचविसाव्या महिन्यात ते कोण देणार, तेही याच पत्रात यायला हवं. नसेल येत, तर मानधनाची ओळ काढा आणि तो पैसा वजनकाटे व पर्यवेक्षणाकडे वळवा.

एवढं करूनही नकार आला तर तपासणाऱ्यांचे शेरे लेखी मागा. अनेक फंडर ते देतात, पण आपण मागतच नाही.